वरच्या नाक्यावरच्या बारा बंदुका

खरी बंदूक मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिली. हिंगोलीत बँकेच्या दारात स्टुलावर डुलक्या घेणाऱ्या वॉचमनच्या मांडीवर. जुनी, दोन नळ्यांची, पट्टा तुटलेला म्हणून सुतळी बांधलेली. मी म्हटलं, "काका, जरा हातात घेऊन बघू का?" तो खडबडून जागा झाला. "काहून? बँक लुटायची हाय का?" मी म्हटलं, "न्हाई हो, वजन बघायचंय फक्त." त्यानं बंदूक उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवली आणि मला पासबुकाच्या रांगेत उभं केलं. एवढ्या भांडवलावर मी बारा बंदुका लिहिल्या.

लिहिल्या म्हणजे खेळासाठी लिहिल्या. पट, फासे आणि कार्डं घेऊन चौघांनी सतरंजीवर बसून खेळायचा खेळ. दोन सूर्य असलेल्या एका ग्रहावर माणसं राहायला जातात, घुमट बांधतात, घुमटाबाहेर शेतं करतात आणि तिथली जनावरं त्या शेतांत घुसतात. पुण्यात मी मोबाइलवरचे गेम तपासायची नोकरी करत होते. पगार घेऊन गेम खेळायचा आणि चुका काढायच्या. चुका काढायची सवय मला जन्मजात, त्यामुळे बरं चाललं होतं. मग कंपनीच बसली आणि मी बोचकं घेऊन गावी, कनेरगाव नाक्यावर परत आले.

त्या गेममधल्या एका गोष्टीचा मला फार राग यायचा. परग्रहावर गहू पेरायला गेलेला साधा माणूस, आणि त्याच्या हातात रणगाडा फोडणारी तोफ. अरे बाबा, कोण देतं त्याला ती? आणि दिली तरी ती बिघडल्यावर दुरुस्त कुठं करायची? राहत्या घुमटात गोळी सुटली तर घुमटाला भोक पडून सगळी हवा फुर्र होईल, ह्याचा विचार कुणीच करत नव्हतं. म्हणून माझ्या खेळातल्या बंदुका संसारी माणसांच्या होत्या. एक जाड हातमोजे घालूनही चालवता येणारी, मोठ्या घोड्याची. एक घुमटाला भोक न पाडणारी, रबरी गोळीची. एक जाळं फेकणारी. एक नुसता आवाज करणारी. एक उन्हावर चार्ज होणारी लांब रायफल, ढग आले की बंद. प्रत्येकीचं एक कार्ड. त्यावर चित्र, मारा किती लांब, दणका किती, धूळ गेली तर काय करायचं. आठ महिने मी त्यात डोकं घातलं होतं आणि मला त्या बाराही पोरींचा भयंकर अभिमान होता.

घरात मात्र त्या अभिमानाला मुदत होती. वारंगा फाट्यावर मामाचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. तिथं बिलाच्या काउंटरमागची खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवलेली होती. आई म्हणायची, "दिवाळीपर्यंत कर तुहं ते वरचं. पुण्याच्या साहेबानं घेतलं तर घेतलं. न्हाई तर पाडव्याला मामाच्या दुकानात बसायचं." मामा भला माणूस, खुर्ची फिरती आणि गादीची. पण त्या दुकानात कीटकनाशकाचा असा वास की पाचव्या मिनिटाला माझं डोकं ठणकतं, आणि मामा दर गिऱ्हाइकाला माझी ओळख 'पुण्याहून वापस आलेली भाची' अशी करून देतो. तिथं बसण्यापेक्षा मी दोन सूर्यांखाली भाजून मेले असते.

पुण्याचे साहेब म्हणजे असे खेळ छापून पेटीत घालून विकणारे प्रकाशक. त्यांना नियमांचं पुस्तक आवडलं होतं. शस्त्रांचं प्रकरण वाचून तर त्यांनी फोनवर "वा" म्हटलं होतं. एकच अट होती. "एकदा खेळताना बघू द्या. साधी माणसं हा खेळ कशी खेळतात ते मला पाहायचंय. विशेषतः शस्त्रं कशी वापरतात ते."

साधी माणसं माझ्याकडे तयार होती. आई, बाबा आणि शेजारच्या सिस्टर काकू. बाबांचं नाक्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. काकू सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. अख्खा नाका त्यांना सिस्टर म्हणतो आणि भर रस्त्यात तपासायला जीभ काढून दाखवतो. ही मंडळी दर रविवारी दुपारी माझ्याबरोबर परग्रहावर येत. मी त्या ग्रहाला तीन ओळींचं नाव दिलं होतं. बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचा 'वरचा नाका' केला आणि तेच चिकटलं. जनावराचंही तसंच. सहा पाय, राखाडी खवले, कळपानं येणारं, असं मी झोकात वर्णन वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "आपल्या शेतात शिरते ती नीलगाय, रोहीच ना? मग सरळ रोही म्हण की."

आणि बंदुका? काय सांगू! आईला मी बाराबोरीसारखी दणकट बंदूक दिली होती. तिनं ती घुमटाच्या दोन खांबांमध्ये आडवी टाकून तिच्यावर कपडे वाळत घातले. बाबांनी स्वतःची खोलून ठेवली. त्यांची पाळी आली की दर वेळी एकच, "मी बंदुकीला तेल देतो." एकदा पाण्याचा पंप बिघडला तर त्यांनी नळी काढून पंपाला बसवली आणि वर मला विचारलं, "साइज बराबर हाय ना?" काकूंनी तर उन्हावर चालणारी लांब रायफल, माझी सगळ्यात लाडकी, जमिनीत उभी रोवून तिला सलाइनची बाटली अडकवली. "उंची चांगली हाय गं हिची," म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला.

एक नियम मात्र ह्यांच्याच पायी जन्मला. बाबा एका रविवारी कार्ड गॅरेजमध्ये विसरून आले आणि सतरंजीवर बसून म्हणाले, "मी गोळी झाडतो." मी म्हटलं, "बंदूक गॅरेजात, तुम्ही घरात. गोळी कुठून झाडता?" तेव्हापासून ठरलं, कार्ड हातात तरच बंदूक हातात. मी तो नियम पुस्तकात ठळक अक्षरांत घातला. साहेबांना नेमका तोच नियम सगळ्यात जास्त आवडला होता.

साहेबांनी तारीख दिली ती सुट्टीची. मी लगेच हो म्हणून मोकळी झाले. बाबा कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "अगं, नवमी हाय त्या दिवशी." मी म्हटलं, "मग बरंच की, गॅरेज बंद, सगळे घरी." बाबा आणखी काही बोलणार होते, पण मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे लोखंड सुट्टीवर असतं. बाबांचे पाने, जॅक, टॉमीची सळई, हातोड्या आदल्या दिवशी रॉकेलनं धुऊन निघतात. आईची विळी, कात्री, अडकित्ता, कुऱ्हाड, खुरपं, सगळं देवघरासमोर पाटावर मांडलं जातं. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती. आणि एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हलवायचं नाही. विळीच पूजेत, म्हणून त्या दिवशी घरात भाजी चिरली जात नाही. गवारीच्या शेंगा हातानं मोडून फोडणीला टाकायच्या. एकदा लहानपणी माझ्या फ्रॉकचा दोरा लोंबत होता, तर आईनं कात्रीला हात लावला नाही, दातानं तोडला. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ते सगळं लोखंडाबद्दल आहे असं मी धरून चालले होते.

नवमीच्या दुपारी सतरंजी अंथरली. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. साहेब पडद्यावर आले, चष्मा, पांढरा सदरा, आवाज गोड. आईनं पदर सावरून नमस्कार केला. काकू जय भीम म्हणून भिंतीला टेकून बसल्या. शेजारी त्यांची प्रवासाची पिशवी, कारण संध्याकाळच्या गाडीनं त्यांना नागपूरला निघायचं होतं, दीक्षाभूमीवर. बाबांनी मिशीला तेल लावलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

मी सुरुवात केली. मागच्या रविवारच्या डावात बाबा तेल देता देता पाण्याच्या टाकीवरून पडले होते, त्यामुळे खेळात ते घुमटात आडवे होते, सलाइनवर. आई बियाण्याच्या वाफ्यांना पाणी देत होती. घुमटाबाहेर पहिलं पीक काढणीला आलेलं. हे पीक गेलं तर पुढच्या पेरणीला बी नाही आणि वसाहत संपली, असा पट होता. मग मी आवाज खोल केला आणि म्हणाले, "क्षितिजावर धूळ उठते. रोह्यांचा कळप. थेट शेताकडे."

साहेब पुढं सरकले. "छान. आता शस्त्रं बघू या."

मी म्हटलं, "आई, कार्ड."

आई म्हणाली, "देवघरात हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे पूजेत मांडले ना सकाळी. तुहे, माहे, बाबाचे, सगळे. हत्यारंच ना ते?"

मी मान वळवून बघितलं. पाटावर पाने, विळी, कुऱ्हाड, आणि त्यांच्या पुढ्यात ओळीनं मांडलेल्या माझ्या बंदुका. प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर हळद-कुंकवाचं ओलं बोट आणि वर एक एक झेंडू. अगं आई गं!

"आई," मी दात ओठ खाऊन हळूच म्हटलं, "तो कागद आहे."

"कागद तर कागद. बंदूक हाय ना त्याच्यावर? पूजेतलं हत्यार हलवत न्हाईत."

साहेबांनी विचारलं, "काही अडचण?" मी म्हटलं, "नाही नाही, सगळं बराबर." आणि नियम माझाच, ठळक अक्षरांतला. कार्ड हातात नाही तर बंदूक हातात नाही. साहेबांसमोर तोच मोडला असता तर त्या पुस्तकात काय राहिलं असतं?

मग मला आठवलं, काकू आपलं कार्ड घरी नेतात. आणि त्या काही नवमी पूजत नाहीत. मी आशेनं त्यांच्याकडे वळले. त्यांनी पर्समधून कार्ड काढून दाखवलं, कोरं करकरीत. "हाय की माह्यापाशी. माहं नवमीचं काय न्हाई."

"मग काकू, चालवा!"

"चालवते. पण हिला ह्यांची बाटली लटकवलेली हाय. बाटली कोण धरील?"

बाबा सतरंजीवर आडवेच झाले होते, भूमिकेत शिरून. म्हणाले, "सिस्टर, तकलीफ होऊन राहिली हो. बाटली काढू नका."

"मी पेशंटची बाटली काढून गोळीबार करणार न्हाई," काकूंनी निकाल दिला. "इतक्या वर्षांत केलं न्हाई, आता काहून करू?"

मी पटावर कळप दोन घरं पुढं सरकवला. मग आणखी दोन. डोळ्यांपुढं ती गादीची खुर्ची गरागरा फिरायला लागली. आठ महिने मी ज्यांच्यासाठी घासले त्या बारा बंदुकांतल्या अकरा देवापुढं बसलेल्या, आणि बारावीला माझ्या बापाचं सलाइन. रडूच आलं मला, खरं सांगते. पडद्यावर दिसू नये म्हणून मी खाली मान घालून फासे मोजत बसले.

आईनं ते पाहिलं. तिला माझं रडू पाठीमागूनही कळतं. ती उठली, देवघरापाशी गेली, उभ्यानंच हात जोडले. ओठ हलत होते. मग ती वाकली आणि पाटावरच्या त्या कार्डाकडं तिनं हात नेला. बाबा सलाइनसकट उठून बसले. आयुष्यात जिनं नवमीला सुपारी कातरायला अडकित्ता उचलला नाही, ती माझ्या खेळातली खोटी बंदूक उचलायला निघाली होती. आणि मी मामाच्या दुकानात बसावं म्हणून सगळ्यात जास्त मागं लागलेलीही तीच.

"आई, राहू दे," मी म्हटलं.

"अगं पण तुहं ते—"

"राहू दे म्हटलं ना. आज बंदुका पूजेत आहेत. ग्रहावरपण नवमीच आहे." मी डोळे पुसले आणि पडद्याकडं न बघता ठणकावून म्हटलं, "वसाहतीतली शस्त्रं आज कुणी उचलत नाही. उद्या सकाळपर्यंत. आता कळप आलाय. काय करता?"

आईनं हात मागं घेतला. मग तिचा चेहराच पालटला. "करायचं काय त्याच्यात? वान्नेरं आल्यावर आपण काय बंदूक काढतो का?" आणि ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली ती पितळी परात आणि लाटणं घेऊन.

परातीचा पहिला दणका बसला तसे साहेब पडद्यावर मागं सरकले. बाबांनी पाटावरच्या टॉमीकडं हात नेला. "ओ! पूजेतली हाय!" आई ओरडली. त्यांनी हात मागं घेऊन रिकामा पत्र्याचा डबा उचलला आणि बुक्क्यांनी बडवायला घेतला. "तुम्ही पेशंट आहात!" मी ओरडले. "पडल्या पडल्या बडवतो!" म्हणाले आणि खरंच आडवे होऊन बडवू लागले. काकू एका हातानं कल्पनेतली बाटली उंच धरून दुसऱ्या हातानं ताट वाजवत होत्या, आणि दवाखान्यातल्या गर्दीला दटावायच्या त्या आवाजात, "हाऽऽड! हाऽऽड! व्हा मागं!"

ह्याला माझ्या पुस्तकात नियम नव्हता. बसल्या जागी केला. जितकी माणसं आवाज करतील तितके फासे, सगळ्यांची बेरीज, आणि कळपाच्या दोन फाशांपेक्षा दुप्पट आली तर कळप फिरतो. तीन माणसं, तीन फासे. टाकले. बेरीज बसली नाही. रोही शेताच्या बांधावर आले.

तेवढ्यात पलीकडच्या छतावरून हाक आली, "वान्नेरं आली का हो?" आणि उत्तराची वाट न बघता तिथंही डबा वाजायला लागला. मग समोरच्या घरात थाळी. मग कोपऱ्यावर कुणीतरी दुकानाचं शटर धडधडवलं. आमच्या गल्लीत हे असंच आहे. कुणीतरी वाजवतंय म्हटल्यावर आधी वाजवायचं, मग विचारायचं. दोन मिनिटांत अख्खी गल्ली बडवत होती, कुत्री भुंकत होती, एकही वानर कुठं नव्हतं. बाबा आडव्यानंच माझ्यावर ओरडले, "अगं मोज की त्यांनाबी! वसाहतीतलेच ना ते?"

मोजले. घरातले सगळे फासे ओंजळीत घेतले, काकूंच्या नातवाच्या सापशिडीतलासुद्धा मागवला आणि सतरंजीवर ओतले. अर्धं पीक तुडवलं गेलं होतं तोवर. पण कळप फिरला. आईनं परात खाली ठेवली, घाम पुसला आणि साहेबांना म्हणाली, "चहा घेता का?" मग स्वतःच्याच लक्षात येऊन जीभ चावली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "कळवतो." फोन बंद झाला. पुढं त्यांनी खेळ घेतला. बारापैकी अकरा बंदुका काढून टाकल्या, मी भांडले तरी काढल्या. ठेवली ती काकूंची रायफल, आणि चित्रात तिला सलाइनची बाटली. नवमीचा नियमही छापला. पण हे सगळं फार नंतरचं. त्या दुपारी आमच्या हाती एक 'कळवतो' होतं आणि 'कळवतो' म्हणजे काय हे मला पुण्यात राहून चांगलं माहीत होतं. काकू जाताना माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "मी तिकडून फोन करते." मी तोंड धुतलं आणि पाडव्याला कोणता ड्रेस घालून काउंटरवर बसायचं ह्याचा विचार करायला लागले.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी पाटावरचे पाने उचलून गॅरेज उघडलं. आईनं विळी घेतली, पहिली वांगी चिरली. मग कार्डं उचलली, फुलं बाजूला काढली, पदरानं एक एक पुसलं. कुंकू काही निघालं नाही. दणका किती आणि मारा किती, ते आकडे बरोबर त्याच्याखाली गेले होते. तिनं ती तशीच माझ्या हातात दिली.

दुपारी फोनवरच सोनं द्यायला मामाचा फोन आला. मी आतल्या खोलीत होते. आईनं दसऱ्याचं सगळं विचारलं, पुरणपोळ्यांचं, पोरांचं, पावसाचं. मग तिनं आवाज जरा खाली आणला, पण आमच्या घराच्या भिंती कशा आहेत ते तिला माहीत आहे.

"दादा, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे. न्हाई, साहेबाचं अजून काही कळलं न्हाई. कळू न कळू. आमच्या पोरीला तिकडं वर लई कामं हायेत."